तहाचा धडा आणि नववी ब

गणिताच्या बाईंनी वर्गातला किस्सा सांगितला की आमची अख्खी स्टाफरूम हसते. मी इतिहासाची. माझ्याकडेही ढीग साठलाय. पण हल्ली मी सांगायला लागले की कुणाचा तरी चहा तसाच राहतो. आता यंदाच्या नववी 'ब'चंच ऐका.

*

युद्ध आणि तह शिकवताना मी वर्गाचे दोन देश केले. वाटाघाटी कशावर? तर वर्गातल्या एकुलत्या चालू पंख्यावर! पाचच मिनिटांत सोहमने समोरच्या देशाची कॉलर धरली. शांतिदूत होती तन्वी. तिने डस्टर उचललं आणि दोघांच्या पाठीत एकेक फटका ठेवून दिला.

"अगं, तू शांतिदूत ना?"

"मग! झाले की नाही शांत?"

*

दुसऱ्या दिवशी तहाची कलमं पाठ करून घेत होते. सोहम उठला. "बाई, तह मोडून ते परत लढलेच ना? मग कलमं पाठ कशाला करायची?"

"परीक्षेला येतात म्हणून!"

वर्ग हसला. मला काही हसू आलं नाही.

*

त्याच आठवड्यात आखातात युद्ध पेटलं. सोहमने मोबाइल दप्तरात लपवून आणला होता. मधल्या सुट्टीत व्हिडिओ सुरू. क्षेपणास्त्र पडलं की पोरं ओरडायची, "काय धमाका!"

तन्वी गर्दीत घुसली. "जरा मागे घे रे. बंदर दिसतं का बघू दे. पप्पांची बोट तिथेच आहे."

तिचे वडील तेलाच्या टँकरवर असतात, हे मलाही तेव्हाच कळलं. त्यांचा फोन लागत नव्हता. सोहमने व्हिडिओचा आवाज बंद केला आणि तो मागे घेतला.

*

हेडसर म्हणाले, "बाई, त्या पोरीकडे बघून तरी हा धडा पुढे ढकला."

मी वर्गात तसं सांगितलं. तन्वी उभी राहिली. "पुढे नको बाई. युद्ध थांबतं कसं, तेवढंच आधी शिकवा."

मी पुस्तक उघडलं. कारणांना पानंच्या पानं होती. थांबण्याला चार ओळी!

*

आणि हे परवाचं. तास चालू असताना तन्वीची आई मांडवीच्या घरून धावत आली. दारातूनच तिने फोन पुढे केला. "बाई, लाइन लागलीय! कट व्हायच्या आत द्या तिला!"

स्पीकर चालूच होता.

"पप्पा?"

"बरा हाय गो मी. उद्या बोट बाहेर काढायला परवानगी मिळालीय. तू जेवलीस काय?"

तन्वीने फोनकडे बघूनच मान हलवली. अख्खा वर्ग उभा. पलीकडचा आवाज तुटायला लागला, तसा सोहम धीर करून फोनजवळ वाकला.

"काका, तुम्ही कुणाच्या बाजूने?"

नुसती खरखर. मग आवाज आला,

"ज्या बाजूला स्फोट कमी ऐकू येतात ना, त्या बाजूला! बोटीवरचे सगळे जण अंथरुणं तिकडेच नेतो."