हनुवटीखालची सूज

सासूबाईंची खालची दाढ बरेच दिवस ठणकत होती. दाढ उपटली की नजर जाते, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. म्हणून लवंग, मिश्री आणि मेडिकलमधली गोळी एवढ्यावरच चाललं होतं. पेणहून रोह्याला शाळेत शिकवायला जाताना मी रोज विचारायचे, "आई, जाऊया का डॉक्टरकडे?"

"नाय गो, उतरतंय आता."

एका दुपारी घरी आले तर त्या ओटीवर येरझाऱ्या घालत होत्या. हनुवटीखाली सूज आलेली. थुंकी गिळवेना, पदर भिजलेला.

"आडवं पडलं की गळा दाटतो," म्हणाल्या. आवाज असा, की तोंडात गरम घासच धरलाय.

मी तशीच त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सूज दाबून पाहिली. लाकडासारखी टणक. जीभ बाहेर काढायला सांगितली, ती येईना.

"दाढेतला पू मानेत उतरलाय. श्वास कधीही अडेल. घरी नेऊ नका, आणि आडवं तर अजिबात करू नका."

त्यांनीच अँब्युलन्स बोलावली. पनवेलपर्यंत आई ताठ बसून होत्या, माझं मनगट घट्ट धरून. नवरा रोह्याच्या कंपनीतून शिफ्ट सोडून निघालेला, पण वडखळला ट्रॅफिकमध्ये अडकला. दर थोड्या वेळानं त्याचा फोन. दर वेळी मी कुठवर पोचलो ते सांगायचे.

हॉस्पिटलात कळलं, आईंची साखर भलतीच वाढलेली. आम्हाला कुणाला पत्ताच नव्हता. गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी घालायची, मग हनुवटीखाली चिरून पू काढायचा, दाढही काढायची, असं सर्जन म्हणाले. आईंनी डोळ्यांकडे बोट केलं.

"नाही जाणार नजर, आजी," ते म्हणाले. तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली. नवऱ्याची वाट न पाहता मी सही केली.

पुढचे दिवस नळीमुळे त्यांना बोलता येत नव्हतं. रोज ड्रेसिंग, इंजेक्शनं. आम्ही दोघं बसायचो, उठायचो, आयसीयूच्या काचेतून बघायचो, पुन्हा बसायचो. नळी निघाली तेव्हा भोकावर बोळा दाबून त्या घोगऱ्या आवाजात पहिलं बोलल्या ते हे, "शाळेत जात नायस काय गो?" मला राग आला, आणि बरंही वाटलं.

आता साखरेची गोळी चालू आहे. व्रण पदराखाली झाकला जातो. पण जेवताना त्या जरा थांबल्या, की माझाही हात थांबतो.

"काय बघतेस? चावतेय मी," त्या म्हणतात.