मांडी घालणारे बाहुले

माझ्या बायकोच्या मामांइतका खेळण्यातल्या माणसांचा कळवळा असलेला गृहस्थ अख्ख्या मराठवाड्यात दुसरा सापडणार नाही. उदगीरला त्यांनी उभा जन्म शिलाई मशीन दुरुस्त करण्यात घालवला, आणि दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून ते जगातले सगळे बाहुले दुरुस्त करायला निघाले आहेत. बाहुला मोडलेला असावा लागत नाही. हात-पाय-मान हलणारा कुठलाही यंत्रमानव किंवा झगा पांघरलेला वीर हाती आला, की मामा आधी त्याची मांडी घालून बघतात. ती घातली जात नाही. मग घरी आलेला पाहुणा उपाशी गेल्यासारखा त्यांचा चेहरा पडतो.

एकदा लातूरला गंजगोलाईतल्या एका दुकानात आम्ही माझ्या मुलासाठी असाच एक वीर घ्यायला गेलो. दुकानदार मोठ्या कौतुकाने त्याचे कोपर वाकवून दाखवत होता. मामांनी विचारलं, "ह्याला मांडी घालता येते का?"

"काका, हा उडतो."

"उडून आल्यावर जेवायला कसा बसतो मग?"

वीर घेऊन आम्ही घरी आलो. त्याच दुपारी मामांनी त्या वीराच्या खुब्यात शिलाई मशीनचा स्क्रू आणि बारकी स्प्रिंग बसवली. वीर झकास मांडी घालू लागला, फक्त पुन्हा कधी उभा राहिला नाही. मुलाने भोकाड पसरलं, तर मामा म्हणाले, "उभं काय, कुणीबी राहतंय." त्यांच्या शोकेसमध्ये आज असे पंधरा-वीस वीर पंगतीला बसलेले आहेत, समोर बाटलीच्या बुचांची ताटं. मामी कुरकुर करत त्यांच्यावरून रोज फडकं फिरवतात, आणि एखाद्याचं ताट हरवलं तर स्वतःच नवं बूच शोधून देतात.

मग मामांचेच गुडघे गेले. शस्त्रक्रियेशिवाय इलाज नाही आणि नंतर मांडी कायमची बंद, असं लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. मामांनी दोन वर्षं चालढकल केली. रोजची लिंगपूजा खुर्चीवर बसून करायची आणि घरच्या कार्यात पंगतीबाहेर जेवायचं, ही कल्पनाच त्यांना सोसेना. "पूजेवरून दोघांनी धरून उठवावं लागतंय ह्यांना," मामी मला म्हणाल्या, "तरी न्हाईच म्हणून राहिले." शेवटी मीच त्यांना दवाखान्यात नेलं, तर मामांनी खिशातून एक बाहुला काढून डॉक्टरांच्या टेबलावर मांडी घालून बसवला.

"डॉक्टरसाब, असा सांधा बसवा."

डॉक्टरांनी त्याचे पाय दोनदा उलगडून परत दुमडून बघितले. "काका, ह्याला दुखत नाही. तुम्हाला दुखतंय," ते म्हणाले. मामांनी बाहुला परत खिशात घातला आणि कागदावर सही केली.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. मामा आता बाजारातून तुरुतुरु चालतात. मागच्या महिन्यात मात्र माझ्या मेहुण्याच्या मुलीच्या बारशाला पंगत बसली, आणि मामांसाठी भिंतीकडेला एक खुर्ची आणि स्टूल मांडलं होतं. सगळे खाली, ते एकटे वर. मला बघवेना. मी दुसरी खुर्ची ओढली आणि माझं ताट तिथंच मागवलं.

"तुमचे गुडघे तर धड हायत, जावईबापू."

"असू द्या. मला इथंच बरं वाटतंय."

वाढपी आला तेव्हा मामांनी आधी माझ्या ताटाकडे बोट दाखवलं. मग पोळी मोडता मोडता खाली बसलेल्या एकेकाकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "हितून समदी पंगत दिसते की."