मिनिटाला चार लाटा

ऑक्टोबरची ती रजा संपायला दोन दिवस उरले होते. सेल्वराज कुंभकोणमला आमच्या घरी आला. नौदलाच्या एकाच सर्वेक्षण जहाजावर आम्ही दोघे होतो. मी हवामान निरीक्षक, तो एबल सीमन, म्हणजे साधा खलाशी. मला त्याचा हेवा वाटत होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातून घडलं.

तो नागपट्टणजवळच्या मच्छीमार वस्तीतला, चौथी शिकलेला. मी कॉलेजची दोन वर्षं केलेला. समतेची पत्रकं वाचत मी वाढलो. जन्मानं कुणी मोठा नाही, हे मेसमध्ये टेबलावर मूठ आपटून सांगायचो. सेल्वराज माझ्या खाली होता तोवर समता मला फार प्रिय होती.

अप्पा शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. बॅरोमीटर वाचायला मला त्यांनीच शिकवलं. त्या दिवशी त्यांनी सेल्वराजला ओट्यावर शेजारी बसवलं आणि दोन तास तमिळमध्ये प्रश्न विचारले. वादळाआधी लाट कशी बदलते? वारा नसताना ती कुठून येते? मी कॉफी आणली. अप्पांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"सर, रायरांना विचारा," सेल्वराज हसून म्हणाला. "त्यांच्याजवळ डबी आहे. माझ्याजवळ नुसते डोळे."

पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या आम्हा मराठी लोकांना तिकडे रायर म्हणतात. डबी म्हणजे माझा बॅरोमीटर.

अप्पा माझ्याकडे वळून घरच्या मराठीत म्हणाले, "हा सांगतो तें ऐकत जा. त्यांत तुला लाज कसली?"

बापाच्या तोंडून ते ऐकणं मला सहन झालं नाही.

जहाजावर परतलो. कॅप्टन ब्रिजवर, जहाज चालवतात त्या वरच्या माचावर, उभे राहून सेल्वराजला खाली हाक मारत, "समुद्र काय म्हणतो?" मग माझा तक्ता बघत. एका सकाळी मी सावधान उभा राहून म्हणालो, "सर, नियमाप्रमाणे हवामानाचा रिपोर्ट निरीक्षकानंच द्यायचा असतो." नियम खरा होता. कॅप्टन म्हणाले, "ठीक. इथून पुढे हवामान एकच माणूस सांगेल." जिंकलो असं मला वाटलं.

आठवड्याने आम्ही किनाऱ्यापासून दूर नांगर टाकून होतो. सहा मैलांवर बुडीत वाळूचा उथळ पट्टा होता; लांब लाट आली की अशाच जागी फुटते. तिथे भरती मोजायचा खांब रोवायला बोट जाणार होती. बोटीत पाचजण, सुकाणूवर सेल्वराज.

सकाळी सहा. वारा नाममात्र. पाणी तेल ओतल्यासारखं. बॅरोमीटर नेहमीच्या आकड्यावर. सेल्वराज कठड्याशी आला.

"रायर, लाट आग्नेयेकडून येतेय. लांब आहे. मोजा."

"मला काम शिकवू नकोस."

"शिकवत नाही. रोज मिनिटाला आठ येतात. आज चार. लांब कुठेतरी मोठं काही आहे."

त्याची पाठ वळल्यावर मी घड्याळ काढून मोजलं. चार. दुसऱ्यांदा मोजलं. चारच. लॉगबुकात दुरून येणाऱ्या लांब लाटेचा वेगळा रकाना असतो. त्यात चार लिहिलं असतं तर कॅप्टननी विचारलं असतं, कुणी पाहिलं? मी लिहिलं, 'नाही'.

"बोट पाठवू?" कॅप्टननी विचारलं.

"समुद्र शांत, सर. बॅरोमीटर स्थिर."

सेल्वराज बोटीच्या दोरापाशी उभा होता. त्याने ऐकलं. माझ्याकडे पाहिलं. हवामान एकच माणूस सांगणार होता. तो खाली उतरला.

आमच्या उष्ण समुद्रांत हवेचा दाब रोज एका तालात चढतो-उतरतो. सकाळी दहाला तो सर्वांत वर असतो. ताल चुकला तर काहीतरी बिघडलंय, हे अप्पांनी मला दहाव्या वर्षी शिकवलं होतं. त्या दिवशी दहा वाजता दाब चढलाच नाही. काचेवर टिचकी मारली. काटा उलट किंचित खाली आला. ब्रिज वीस पावलांवर होता. गेलो असतो तर सेल्वराज खरा ठरला असता. अजून एक रीडिंग घेऊ, असं मी स्वतःला सांगितलं. अकराला आणखी खाली. मग धावलो. तो एक तास माझा आहे.

"बोट, बोट, धिस इज शिप. ताबडतोब परत या. ओव्हर."

"शिप, धिस इज बोट. पट्ट्यावर लाट फुटतेय. बाहेर पडतोय. ओव्हर."

आवाज सेल्वराजचा होता. त्यात घाई नव्हती.

नांगर उचलून जहाज निघालं. बारा दहाला पुन्हा हाक दिली. उत्तर नाही. एकच्या सुमारास उलटलेली बोट दिसली. तिला धरून दोघे होते. ते म्हणाले, सेल्वराजने दोन लाटा बोट सरळ ठेवून पार केल्या. तिसरी बाजूने आली. दुपारी वारा सुटला आणि शोध थांबवावा लागला.

चौकशीत लॉगबुक उघडलं गेलं. त्यातल्या 'नाही'मुळे मी निर्दोष ठरत होतो. मी म्हणालो, "ती नोंद खोटी आहे, सर." काही महिन्यांत माझी नोकरी संपली. शिक्षा योग्य होती.

सेल्वराजचं सामान पोचवायचं काम मी मागून घेतलं आणि त्याच्या वस्तीत गेलो. त्याची आई जाळं विणत होती. तिने पेटी उघडली नाही.

"माझ्या पोराला समुद्र कळत होता ना?"

"माझ्यापेक्षा जास्त, अम्मा." हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं.

"मग तो त्या बोटीत बसला का?"

मी सांगितलं. मोजलेल्या लाटा, लिहिलेला शब्द, थांबलेला तास, सगळं. ती जाळं विणत राहिली. शेवटी म्हणाली, "त्याच्याबरोबर आणखी कोण होतं? त्यांच्या आयांना सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. त्याच दुपारी निघालो.

लीडिंग सीमन जोसेफ, आलप्पीचा. सीमन बलबीर, रोहतकचा, ज्याने नौदलात येईपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. आणि एबल सीमन सेल्वराज. तिघांपैकी कुणाचाही देह मिळाला नाही.