भंगारातला क्रँक

गॅरेजमध्ये त्याला सगळे मिस्त्री म्हणत. इंजिनाच्या पोटात फिरणारा जाड लोखंडी दांडा, म्हणजे क्रँक, तो हातात घेई, त्याच्या गुळगुळीत भागावरून अंगठ्याचं नख ओढी आणि 'चालेल' किंवा 'फेका' एवढंच सांगे. नख अडलं की ओरखडा खोल, आणि तसा क्रँक बेअरिंग खाऊन टाकतो. त्याचा शब्द आजवर कुणी खाली पडू दिला नव्हता.

पण साखरेच्या आजाराने त्याची बोटं बधिर होत चालली होती. काम हातचं जाईल या धास्तीने त्याने ही गोष्ट घरीदारी कुणालाच सांगितली नव्हती.

मोठा भाऊ गेल्यापासून त्याची टॅक्सी वहिनी चालवत होती. घर त्या गाडीवरच चालायचं. तेल संपून तिचं इंजिन जाम झालं, तेव्हा मिस्त्रीनेच ते उघडलं. पिस्टन आणि रिंगा स्वस्तातल्या चालल्या असत्या. क्रँक मात्र कामातून गेला होता. पूर्वी दोनदा घासून घेतलेला, त्यामुळे आणखी घासायला त्यात जीव उरला नव्हता. नवा आवाक्याबाहेर. दोघं भंगार बाजारात गेली.

त्या गाडीचे चारच क्रँक होते. "निवांत बघा, मिस्त्री," भंगारवाला म्हणाला. "पण फाटकाबाहेर गेला की माल तुमचा. मग रडत यायचं नाही."

मिस्त्रीने रॉकेलच्या फडक्याने एकेक पुसला. नख ओढलं. पहिला गुळगुळीत, दुसरा गुळगुळीत, तिसरा आणि चौथाही तसाच.

"सगळेच चांगले?" वहिनीने विचारलं.

त्याने चौथ्यावरून पुन्हा एकदा नख ओढलं. मग हळूच म्हणाला, "वहिनी, जरा तुम्ही बघा."

"मी? अहो भावोजी, मला त्यातलं काय कळतंय?"

"नख ओढा. अडतं का, तेवढं सांगा."

तिची नजर त्याच्या अंगठ्यावर गेली. तिथे भाजल्याचा टपोरा फोड होता, आणि तो ज्याचा त्यालाच ठाऊक नव्हता.

"कधीपासून हे?"

"झाले बरेच दिवस."

"तुमचे दादाही असेच. दुखणं लपवायची तुमच्या घराण्याला हौसच दांडगी."

तिने पहिल्या क्रँकवर नख ओढलं. "अडतं." दुसरा. "इथेही." तिसऱ्याला तिने नुसती मान हलवली. चौथ्यावर मात्र तिचं बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश गेलं, आणि पुन्हा एकदा गेलं.

"नाही अडत."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना!" तिने पर्स उघडलीसुद्धा.

मिस्त्रीला त्यावर एक बारीक रेघ दिसत होती. ती गंजाची की ओरखड्याची, हे त्याच्या डोळ्यांना ठरवता येईना. त्याने क्रँक उचलून खांद्यावर घेतला.

इंजिन बांधून झाल्यावर वहिनीने गाडी बाहेर काढली. तो शेजारी बसला. सपाट रस्त्यावर गाडी सुतासारखी सरळ गेली. पुलाचा चढ लागला आणि खालून आवाज येऊ लागला. ठक, ठक, ठक.

"रस्ता खराब आहे," वहिनी म्हणाली.

"वहिनी, नख अडलं होतं ना?"

तिने रस्त्यावरून नजर काढली नाही. "तुम्ही 'फेका' म्हणाला असतात, तर मी निमूट घरी गेले असते. तुम्ही मला विचारलंत, भावोजी. जिची गाडी बंद पडलीय, तिलाच विचारलंत."

मिस्त्रीने काच खाली करून आवाजाकडे कान लावला.

"किती दिवस काढेल?" तिने विचारलं.

"चढ टाळलेत तर थोडे महिने."

"आणि नाही टाळले तर? स्टेशनला जायला दुसरा रस्ता कुठे आहे?"

चढ संपता संपता बॅग घेतलेल्या एका माणसाने हात केला. वहिनीने गाडी थांबवली. तो माणूस स्टेशन म्हणाला. मिस्त्री उतरला, बॅग उचलून त्याने डिकीत ठेवली आणि झाकण जपून लावलं. गाडी निघाली. पुढच्या चढावर आवाज पुन्हा सुरू झाला. तो ऐकू येईनासा होईपर्यंत मागे राहिलेला मिस्त्री पुलाच्या कठड्याशी उभा राहिला.