आग नसलेली उन्हाळी
माझी किडनी शाबूत आहे ती अक्कामुळे, हे आधी सांगतो. ती नात्याची नव्हे, ऊसतोडीच्या टोळीत शेजारच्या खोपीत राहायची. परवा इथं कंपनीच्या मेसमध्ये कुणीतरी धने भिजत घातले होते, त्या वासानं ती आठवली. दुष्काळात शाळा सोडून मी टोळीबरोबर कारखान्यावर गेलतो. एका सकाळी लघवी लाल झाली. आमच्याकडं याला उन्हाळी लागली म्हणतात, म्हणून कुणाला न सांगता मी त्यावरचा घरगुती उतारा, धन्याचं पाणी, पीत राहिलो. शेवटी तोंड सुजलं आणि हातात धन्याचं पाणी दिसलं तेव्हा अक्कानं हटकलं, "कावून लपवितो रे? लघवीला आग होतीया का?" म्हटलं, "न्हाई अक्का, नुसतं लाल हाय." "आग न्हाई तर उन्हाळी कशाची, येड्या? चल दवाखान्यात!" नेमकी त्याच दुपारी ती लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला तिच्या सासरी तेलगावकडं निघाली होती. तिनं जीपमधून आपली पिशवी उतरवली आणि मला धरून तालुक्याच्या एसटीत बसवलं. डॉक्टर म्हणाले, किडनीला सूज आहे, अजून उशीर केला असता तर अवघड होतं. तिकडं लेक आईला हाका मारत बाळंत झाली. मी रडायला लागलो तर अक्का म्हणाली, "तिच्यापाशी सासू व्हती, तुझ्यापाशी कोण व्हतं?" मी वेळेत बोललो असतो तर ती लेकीपाशी असती. आजही लघवीला गेलो की आधी रंग बघतो, आणि अक्का अजून ऊस तोडते. एक ना एक दिवस तिच्या हातातला कोयता मी सोडवीन, मग लेकीकडं तिला वाटेल तितकं राहू दे.