मास्तरांचं साउंड कार्ड

टेलरमास्तरांनी उभ्या आयुष्यात कुणाच्या खांद्याचं माप चुकवलं नाही. पण शत्रू कुठल्या खांद्यामागून येतोय, एवढं मात्र त्यांना कधी कळलं नाही. शत्रू खेळातला हो! पन्नाशी उलटल्यावर लोक गुडघे धरतात, मास्तरांनी बंदूक धरली. रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून ते कॉम्प्युटरपुढे बसत. आपापल्या घरून साडू आणि मेव्हणा त्याच खेळात उतरत, आणि दर डावाला मास्तर सगळ्यांच्या आधी मरत.

साडूंच्या जिभेला मुळातच हाड नाही, त्यात ते संघाचे कप्तान. त्यांनी निर्वाणीचं सांगून टाकलं, की येत्या रविवारच्या सामन्यात मास्तर पुन्हा पहिले गेले, तर त्यांच्या जागी शेजारचा औषधवाला खेळेल. मास्तरांना ते फार लागलं. आठवडाभर दुसऱ्यांच्या पोटाभोवती टेप फिरवणाऱ्या माणसाला तेवढीच एक दुपार स्वतःची होती.

त्यांनी खापर फोडलं आवाजावर. पावलं ऐकू येतात, पण ती फसवतात. म्हणजे मदरबोर्डावरचा हा फुकटचा आवाज कुचकामी, वेगळं साउंड कार्डच हवं. कॉम्प्युटरवाल्या दुकानदाराने माल विकायचं सोडून त्यांची समजूत घातली. हल्ली खेळायला बोर्डावरचाच आवाज पुरतो. खरखर येत असेल किंवा हेडफोन फार भारी असतील, तरच कार्डाचा विचार करावा. खरखर येते का? मास्तर म्हणाले, छे. मग कशाला, दुकानदार म्हणाला. पण मास्तरांच्या मनाने घेतलं होतं. कार्ड घेऊनच आले.

कार्ड बसलं. आवाज किंचित भरदार झाला, गोळ्या खणखणीत वाजू लागल्या, आणि शनिवारी सराव करताना मास्तर पूर्वीच्याच तत्परतेने मेले.

बायको मागे बसून काजं करत होती. सुई थांबवून म्हणाली, "शत्रू उजवीकडून येतो आणि तुम्ही डावीकडे वळता. आज तिसऱ्यांदा पाहतेय."

"आवाज तिकडूनच येतो, त्याला मी काय करू?"

ती उठली. मास्तरांच्या उजव्या कानाखाली लोंबणारी हेडफोनची वायर तिने बोटाने उचलली.

"सगळ्या जगाची ही वायर डावीकडे असते."

"डावीकडे कापड पडतं," मास्तर म्हणाले.

ते मात्र खरं होतं. जन्मभर मशीनवर बसलेल्या माणसाला डाव्या हाताशी काही लोंबलेलं खपत नाही. हेडफोन आणला त्याच दिवशी त्यांनी तो उलटा करून डोक्यावर चढवला होता, आणि त्यात काही विचार करण्यासारखं आहे असं त्यांना आजवर वाटलं नव्हतं.

"गिऱ्हाइकाची डावी बाही उजवीकडे लावली असती, तर लगेच कळलं असतं तुम्हाला," असं म्हणून तिने हेडफोन फिरवला आणि वायर लोंबू नये म्हणून सेफ्टी पिनेने त्यांच्या डाव्या खांद्याला टाचून टाकली.

रविवारच्या सामन्यात साडू पडले, मेव्हणा पडला. मास्तर शेवटपर्यंत उभे. साडूंनी खोदून खोदून विचारलं, केलंत तरी काय? मास्तर खांद्यावरच्या पिनेशी चाळा करत राहिले. शेवटी बायकोच माइककडे वाकली.

"नवीन साउंड कार्ड घेतलंय त्यांनी," ती म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं.

साडूंनी दुसऱ्याच दिवशी तसलंच कार्ड मागवलं. औषधवाल्याला मात्र अजून कुणी बोलावलेलं नाही.