केळव्याच्या बाईची मूठ

सुक्या बोंबलांचा वास आला की केळव्याची ती कोळीण आठवते. पालघरच्या इस्पितळात मी तेव्हा नर्स होते. भरदुपारी तिने बेशुद्ध नवऱ्याला आणलं. श्वास अगदी मंद, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. "काय खाल्लंय यांनी?" "काय नाय, सिस्टर." तिची मूठ मात्र घट्ट आवळलेली. हिनेच काहीतरी चारलं असणार, या संशयाने मी ती जबरदस्तीने उघडली. आत कंबरदुखीवरच्या गुंगीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं होती. "त्यांनी शपथ घातलेली," ती रडत म्हणाली, "दुखणं कळलं तर बोटीवर कोण घेणार?" उताऱ्याचं इंजेक्शन देताच त्याने डोळे उघडले. ती माझे पाय धरायला वाकली. मनातला आळ मी तिला कधीच सांगितला नाही, तो मला अजून टोचतो.